झेंडा फडकला तेव्हा कोठडीची किल्ली कोणाकडे होती?

२३ जानेवारीच्या सुमारास आमच्या बीदर जिल्ह्यातल्या शाळांत सामान्यज्ञानाच्या स्पर्धा होतात. यंदा भालकी तालुक्यातल्या एका मराठी शाळेने मला उत्तरपत्रिका तपासायला बोलावले होते. सातवा प्रश्न होता: ‘इंग्रजांच्या ताब्यातून सर्वांत आधी स्वतंत्र झालेला भारतीय भूभाग कोणता?’ सोबतच्या उत्तरसूचीत लिहिले होते: ‘अंदमान, ३० डिसेंबर १९४३.’ ज्या मुलांनी अंदमान लिहिले त्यांना मी गुण दिले. शिकवले तेच त्यांनी लिहिले होते, त्यांचा दोष काय? पण तांबड्या पेनाने केलेल्या त्या बरोबरच्या खुणा मला घरी येईपर्यंत बोचत राहिल्या.

हा समज त्या एका शाळेचा नाही. नेताजींच्या जयंतीच्या भाषणांत, स्मरणिकांत, अंदमानची सहल करून आलेल्यांच्या गप्पांत तो ठसठशीतपणे मांडला जातो. तो असा: जपानने मार्च १९४२ मध्ये अंदमान इंग्रजांकडून सोडवले. मित्राच्या नात्याने ते आझाद हिंद सरकारच्या हवाली केले. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. त्या दिवसापासून बेटे स्वतंत्र झाली. जपान्यांनी थोडाफार जुलूम केला असेल, पण लढाईत तसे व्हायचेच. आणि यावर जो शंका काढतो तो नेताजींना कमी लेखतो.

ही सहा विधाने आहेत. झेंडा फडकला, एवढे त्यांतले एक खरे आहे. उरलेली पाच टिकत नाहीत, आणि ती का टिकत नाहीत हे बीदर-कलबुर्गीच्या माणसाला तरी कळायला हवे.

आधी ‘सोडवले’ हा शब्द घेऊ. सोडवायचे म्हणजे कोणाशी तरी झुंजून सोडवायचे. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि त्यानंतर काही दिवसांतच इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरची शिबंदी काढून घेतली. मागे राहिली ती बेटावरची हजारो माणसे: शिक्षा भोगून तिथेच संसार मांडलेले कैदी, त्यांची मुले-नातवंडे, कारकून, डॉक्टर, शिक्षक, पोलीस. त्यांच्या रक्षणाची कसलीही तजवीज न करता साहेब निघून गेला. २३ मार्चला जपानी उतरले तेव्हा त्यांना अडवायला कोणी नव्हते. ज्या दाराला कुलूपच नव्हते ते उघडणाऱ्याला मुक्तिदाता म्हणायचे का?

आणि जपानी कशासाठी आले? नकाशा उघडून पाहावा. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून रंगूनकडे जाणाऱ्या समुद्रवाटेच्या कडेला ही बेटांची माळ पडली आहे. ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेची रसद रंगूनला समुद्रातून यायची. पोर्ट ब्लेअर ज्याच्या हाती, त्याची बंगालच्या उपसागरावर नजर. इंग्रजांनी अंदमान निवडले कारण ते माणसांपासून लांब होते. जपान्यांनी निवडले कारण ते जहाजांच्या वाटेजवळ होते. दोघांच्या हिशेबात बेटावरच्या माणसाला जागा नव्हती.

ही गोष्ट पहिल्या काही दिवसांतच उघडी पडली. कोंबड्या आणि अंडी शोधत जपानी सैनिक लोकांच्या घरांत शिरू लागले. आपल्या घराकडे आलेल्यांना हाकलण्यासाठी झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने छऱ्याच्या बंदुकीने बार काढला. त्यात कोणी मेले नाही. पण सैनिक परतले ते तुकडी घेऊन, आणि त्यांनी वस्तीतली घरे पेटवायला सुरुवात केली. घरे वाचावीत म्हणून तो तरुण स्वतःहून पुढे आला. ॲबर्डीनच्या मैदानात लोकांना जमवून, त्यांच्या डोळ्यांदेखत त्याचे हात पिरगाळून मोडले आणि मग त्याला गोळ्या घातल्या. मुक्ती आल्यानंतर आठवडाभरात घडलेली ही गोष्ट आहे. त्या मैदानात उभ्या असलेल्या माणसाला आपण कोणत्या तोंडाने सांगणार, की बाबा, तू सुटलास?

आता दुसरे विधान, ‘हवाली केले’. इथे मला आमची आज्जी आठवते. निजामाच्या राज्यातल्या रजाकारीत तिने वावरातल्या पेवात ज्वारी पुरून ठेवली, तोंडावर माती लोटली, वर कडब्याची गंजी रचली आणि पोरे घेऊन ती रात्रीतून सोलापूरच्या हद्दीत गेली. परत आली ती १९४८ च्या पोलीस ‘ॲक्शन’नंतर. आमच्याकडे अजूनही काळ असाच मोजतात: ॲक्शनच्या आधी आणि ॲक्शनच्या नंतर. राज्य बदलल्याची चर्चा निघाली की ती म्हणायची, “राज कुनाचं आलं ते मोठ्यांनी बघावं. आपन पेवातली ज्वारी कुनाकडं राह्यली ते बघावं.” सत्ता ओळखण्याची यापेक्षा चांगली कसोटी मला पुस्तकांत सापडलेली नाही. धान्य कोणाकडे, पोलीस कोणाचे, तुरुंगाची किल्ली कोणाच्या कमरेला, एवढे पाहावे. राज्य कोणाचे ते तिथे कळते.

अंदमानला ही कसोटी लावू. नोव्हेंबर १९४३ मध्ये टोकियोच्या परिषदेत पंतप्रधान तोजोने बेटे आझाद हिंद सरकारला देण्याची घोषणा केली. फेब्रुवारी १९४४ मध्ये आझाद हिंद सरकारचे मुख्य आयुक्त म्हणून लेफ्टनंट कर्नल ए. डी. लोगनाथन पोर्ट ब्लेअरला पोचले. त्यांच्या हाती काय आले? शिक्षण खाते. त्यांनी पोलीस खाते मागितले, ते त्यांना मिळाले नाही. हेरगिरीच्या आरोपाखाली धरलेल्यांचे खटले त्यांच्याकडे आले नाहीत. तांदळाची कोठारे, धावपट्टी, बंदर, तुरुंग सारे जपानी आरमाराकडेच राहिले. हताश होऊन, प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत ते त्याच वर्षी परतले. शाळा चालवायची मुभा आणि पोलीस चौकीत पाऊल टाकायला बंदी, याला कोणत्या कायद्यात सत्तांतर म्हणतात? असले सत्तांतर आपल्या तालुक्यात कोणी केले असते तर आपण ते मान्य केले असते का?

तिसरे विधान झेंड्याचे. तो फडकला, आणि तो क्षण थोर होता यात मला तिळमात्र शंका नाही. पण चौथे विधान, त्या दिवसापासून बेटे स्वतंत्र झाली हे, तपासायचे तर त्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये कोण होते ते आधी विचारावे लागेल.

डॉ. दिवाणसिंग होते. १९२७ पासून अंदमानात राहिलेला हा डॉक्टर पंजाबीत कविता लिहायचा, ‘कालेपानी’ हे नाव त्याने स्वतःला लावून घेतले होते. पोर्ट ब्लेअरच्या गुरुद्वारामागे आणि तिथल्या शाळेमागे त्याचे कष्ट होते. इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या स्थानिक शाखेचा तो अध्यक्ष. म्हणजे ज्या संघटनेच्या बळावर आझाद हिंदचे काम चालायचे, तिचाच तिथला प्रमुख. ऑक्टोबर १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला इंग्रजांचा हेर ठरवून पकडले. जवळजवळ तीन महिने त्याचे हाल केले. २९ डिसेंबरला नेताजी उतरले, ३० डिसेंबरला जिमखाना मैदानावर झेंडा फडकला, नेताजींना सेल्युलर जेलही दाखवण्यात आला. दिवाणसिंग मात्र त्यांना दाखवण्यात आला नाही. १४ जानेवारी १९४४ रोजी त्याच तुरुंगात त्याचा जीव गेला. झेंडा फडकून पंधरा दिवस झाले होते.

आणखी सोळा दिवसांनी, ३० जानेवारी १९४४ रोजी, हम्फ्रीगंजला चव्वेचाळीस जणांना नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत बहुतेक लीगचेच सभासद. झेंड्याला बरोबर एक महिना झाला होता.

मी अंदमानला गेलो तेव्हा हम्फ्रीगंजला न्या असे टॅक्सीवाल्याला सांगितले. तो म्हणाला, “उधर कोई नहीं जाता साहब.” तिथे बलिदान वेदी आहे. भोवती नारळ-सुपारीची झाडे, दुपारची चिकट उष्ण हवा, आणि आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. त्याच संध्याकाळी सेल्युलर जेलमधल्या ध्वनी-प्रकाशाच्या खेळाला शेकडो माणसे होती, त्यांत मराठी बोलणारी कितीतरी. आपल्या लोकांनी तिथे जावे, सावरकरांची कोठडी पाहावी, डोळे भरून यावेत, माझेही आले. पण मराठी माणसाचे अंदमान ४ जुलै १९११ ला सुरू होते, १९२१ ला संपते आणि थेट ३० डिसेंबर १९४३ ला पुन्हा उगवते. मधली आणि नंतरची माणसे आपल्या हिशेबात नाहीत. ज्या तुरुंगाच्या नावाने आपण इंग्रजांना शिव्या देतो, त्याच तुरुंगाच्या त्याच कोठड्यांत जपान्यांनी आपली माणसे कोंडली, हे आपल्या डोळ्यांत पाणी का आणत नाही?

पाचवे विधान म्हणते, लढाईत असे व्हायचेच. लढाईत म्हणजे कोणत्या लढाईत? बेटावर लढाई झालीच नाही. शत्रूने बाहेरून बाँब टाकले, रसदीची जहाजे बुडवली, हे खरे. पण झुल्फिकार अली, दिवाणसिंग आणि ते चव्वेचाळीस जण कोणत्याही आघाडीवर मेले नाहीत. त्यांना पकडून, बांधून मारले. शेवटच्या वर्षात मित्रराष्ट्रांच्या आरमाराने समुद्रवाट तोडली, तांदूळ संपत आला, तेव्हा खाणारी तोंडे कमी करायचा उपाय निघाला. १९४५ च्या ऑगस्टमध्ये, युद्ध संपायला आलेले असताना, म्हातारीकोतारी आणि कामाची न राहिलेली शेकडो माणसे बोटींत भरून हॅवलॉक बेटाकडे नेली आणि किनाऱ्यापासून लांब पाण्यात ढकलली. बरीच बुडाली. किनाऱ्याला लागलेली निर्जन बेटावर उपाशी मेली. जगली ती बोटांवर मोजण्याइतकी. अन्न नाही म्हणून ज्याने आपल्या ताब्यातली माणसे समुद्रात लोटली, त्याचे राज्य कोणते होते, हे आज्जीच्या कसोटीने ठरवायला किती वेळ लागतो?

निकोबारकडेही पाहावे. तिथले ख्रिस्ती धर्मगुरू जॉन रिचर्डसन यांचा मुलगा जपान्यांनी मारला, त्यांना स्वतःला कैदेत टाकले. ते वाचले आणि १९५२ साली पहिल्या लोकसभेत बेटांचे प्रतिनिधी म्हणून बसले. कार निकोबारमधल्या अत्याचारांवर १९४६ साली सिंगापुरात युद्धगुन्ह्यांचा खटला चालला. १९४१ च्या जनगणनेत बेटांची लोकसंख्या ३३,७६८ होती. १९५१ मध्ये ती ३०,९७१ भरली. ही सगळी घट जपान्यांच्या माथी मारता येणार नाही, कारण कैद्यांची वसाहत बंद झाल्यावर बरेच लोक मायदेशी परतले. पण ज्या भूमीला आपण देशात सर्वांत आधी स्वतंत्र झालेली म्हणतो, तिथली माणसे त्या दशकात वाढण्याऐवजी कमी झाली, एवढे तरी ध्यानात घ्यायला नको का?

इथे हमखास एक उत्तर येते: हा सगळा इंग्रजांचा प्रचार. हा आरोप करणाऱ्यांनी मेलेल्यांची बाजू पाहावी. ते इंग्रजांचे बगलबच्चे नव्हते, आझाद हिंदसाठी झटणाऱ्या संघटनेतले होते. आठवणी सांगितल्या त्या बेटावरच्या कुटुंबांनी, वेदी उभी आहे ती स्वतंत्र भारतात. हौतात्म्य पत्करलेल्यांच्या मुलाबाळांची साक्ष इंग्रजांच्या खाती टाकून आपण कोणाचा सूड घेतो? आणि ‘इंग्रज तरी कुठे चांगले होते?’ असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच, की नव्हते. १८५७ साली १७ जुलैला हैदराबादच्या रेसिडेन्सीवर चालून गेलेल्या मौलवी अलाउद्दीनना त्यांनी काळ्या पाण्यावर धाडले. निजामाच्या मुलखातला हा माणूस पुन्हा घरी आला नाही, तिथेच मेला. इंग्रजांना माफी देण्याचा प्रश्नच नाही. पण एका मालकाने चाबूक मारला म्हणून दुसऱ्याचा चाबूक हळद-कुंकू लावून पुजायचा नसतो.

आता शेवटचे विधान, नेताजींच्या अपमानाचे. या एका वाक्याने आजवर कितीतरी तोंडे बंद झाली आहेत. ‘जय हिंद’ ही घोषणा ज्यांच्या नावावर आहे ते आबिद हसन सफरानी हैदराबादचे, पाणबुडीच्या प्रवासात नेताजींचे सोबती. त्या माणसांच्या त्यागाला बोट लावायची माझी पात्रता नाही. पण नेताजींचा मान जपान्यांच्या सत्यवचनीपणावर टेकलेला आहे, असे मानणे हाच मला त्यांचा अपमान वाटतो. ते बेटावर होते तेव्हा जपानी अधिकाऱ्यांचे कडे त्यांच्याभोवती होते, लोकांना त्यांच्यापर्यंत पोचू दिले नाही. फसवणूक झाली असेल तर फसवणाऱ्याला जाब विचारायचा, की ज्याला फसवले त्याच्या नावाने फसवणाऱ्याचे गुण गायचे? नेताजींनी बेटांना नावे दिली शहीद आणि स्वराज. त्या शब्दांवर ज्यांचा विश्वास होता ती लीगची माणसे त्या वेळी मार खात होती. नेताजींवर खरी भक्ती असेल तर त्या माणसांची नावे आधी घ्यायला हवीत.

३० डिसेंबर २०१८ रोजी त्या झेंड्याला पंचाहत्तर वर्षे झाली म्हणून हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप झाले. नावाला माझा विरोध नाही. इंग्रज सेनापतीचे नाव गेले हे चांगलेच झाले. पण ज्या किनाऱ्यावर १९४५ च्या ऑगस्टमध्ये बुडत्या माणसांनी हात मारले, त्या किनाऱ्याला स्वराज म्हणायचे असेल तर त्यांची आठवण त्याच वाळूवर ठळकपणे सांगितली गेली पाहिजे. नाहीतर आपण त्यांना दुसऱ्यांदा पाण्यात लोटतो.

आणि हे सगळे बीदरच्या माणसाने का बोलावे? कारण आपल्याला हे माहीत आहे. दर १७ सप्टेंबरला कलबुर्गीपासून औरादपर्यंत झेंडे लागतात, आणि लागायलाच हवेत. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा निघाल्या, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली, आणि त्यामुळे आमची आज्जी घरी परतू शकली. गोरट्यात मे १९४८ मध्ये रजाकारांनी केलेली कत्तल तिथे अजून घराघरांत सांगतात. ती मुक्ती खरी होती. पण ॲक्शननंतरच्या दिवसांत याच भागात निरपराध मुसलमानांच्या वस्त्यांवर जे गुदरले तेही खरे होते. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशके छापला गेला नाही. आमच्या शेजारच्या गावांत ज्या विहिरींचे पाणी नंतर कोणी प्याले नाही, त्या विहिरींविषयी म्हातारी माणसे आवाज खाली आणूनच बोलत.

हे मान्य केल्याने १७ सप्टेंबर लहान होत नाही. उलट, मुक्तीचा झेंडा आणि त्याखाली मेलेला माणूस हे दोन्ही एकाच वेळी पाहायची ताकद या मातीने कमावलेली आहे. आणि फरकही आपल्यालाच कळायला हवा. इथे जे आले ते राज्य पुढे कायद्याने चालले, १९५२ ला आपण मत दिले, अन्याय झाला तर दाद मागायला दार होते. ते दार सगळ्यांसाठी सारखे उघडले नाही, हा त्याचा डाग आहे. अंदमानात दारच नव्हते. तिथे जो आला त्याने किल्ली शेवटपर्यंत सोडली नाही, १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये जिमखाना मैदानावर जपान्यांनी शरणागती पत्करली तोपर्यंत. आणि त्या दिवशीही किल्ली गेली ती परत इंग्रजांकडेच. अंदमानच्या माणसाला स्वातंत्र्य मिळाले ते १५ ऑगस्ट १९४७ ला, तुम्हाआम्हा निजामाच्या प्रजेपेक्षा तेरा महिने आधी आणि बाकी देशाच्या बरोबरीने. त्याआधी त्याला मिळाला तो एक झेंडा, आणि त्या झेंड्यावर विश्वास ठेवण्याची शिक्षा.

म्हणून सातव्या प्रश्नाचे उत्तर चूक आहे. परक्या आरमाराच्या परवानगीने फडकलेल्या झेंड्याला स्वातंत्र्य म्हणणे ही स्वातंत्र्य या शब्दाशीच बेइमानी आहे. स्वातंत्र्य तिथे असते जिथे धान्याचे पेव, पोलिसाची काठी आणि तुरुंगाची किल्ली लोकांच्या हाती येते. यांतले काहीही हाती न येता झेंडा आला, तर त्याला प्रणाम करावा, आणि मान वर करून तुरुंगाकडे बघावे.

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मी कळवले आहे की पुढच्या वर्षी उत्तरपत्रिका तपासायला मी येईन, पण सातवा प्रश्न मी घालीन: ‘३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला झेंडा फडकत असताना सेल्युलर जेलच्या कोठडीत कोण होते?’ जो मुलगा किंवा मुलगी ‘डॉ. दिवाणसिंग’ असे लिहील, त्या उत्तराला मी तांबड्या पेनाने बरोबरची खूण करीन, आणि ती मला बोचणार नाही.